पाव मूठ

आमच्या काउंटरवर आजवर सगळ्यात जास्त वेळा बोललेलं मूर्ख वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी झोपेतून उठूनही सांगेन. "बाईमाणूस गाडी फुल पिळतं, म्हणून इंजिन जातं." अकरा वर्षं ऐकतेय. शिवऱ्याला हायवेच्या सर्व्हिस रोडला आमचं गॅरेज आहे. मागे शेडमध्ये पाना चालवतो तो माझा नवरा अन्वर, आणि पुढे स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसते ती मी, नसरीन. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ते दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय, मी न घेऊन काय उपयोग?

अकरा वर्षांत मी एक गोष्ट बघितली. पुरुषाच्या गाडीचं इंजिन जाम झालं की कंपनी चोर असते, पेट्रोल भेसळीचं असतं, रस्ता खराब असतो, अगदीच काही नाही तर नशीब खराब असतं. बाईच्या गाडीचं झालं की तिने ॲक्सिलरेटरची मूठ पिळलेली असते. इंजिन उघडायच्या आधीच निकाल लागलेला असतो. अहो, शंभर-एकशेदहा सीसीची स्कूटर ती, फुल पिळली तरी पळून पळून किती पळणार? तिची ताकद कंपनीने आधीच बेताची ठेवलेली असते. नवी असताना पहिले काही दिवस जपावी, सकाळी गार इंजिन एकदम दामटू नये, फुल पिळली की पेट्रोल जास्त जातं, हे सगळं खरं आहे. पण पोटात तेल नीट असेल तर चढाला मूठ पूर्ण पिळल्याने इंजिन मरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मेलेली इंजिनं बघून बघून कळलं. अन्वरलाही ते कळतं, पण तो गिऱ्हाइकासमोर बोलत नाही. त्याचा स्वभाव गरीब आहे, आणि त्या गरीब स्वभावाचा मला कधीकधी फार संताप येतो.

तर त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारात एक टेम्पो थांबला. मागे हौद्यात दोरीने बांधलेली राखाडी स्कूटर, ती पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी असलेली प्रेरणा, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी ऐसपैस बसलेले तिचे सासरे कुंडलिकतात्या आणि नवरा हनुमंत. माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं. धडधाकट माणसं पुढे गादीवर आणि सून मागे धूळ खात.

ही मंडळी राजगडाच्या पायथ्याच्या पालीची. तात्या म्हणजे अन्वरच्या वडिलांचं पहिलं गिऱ्हाईक. बावीस वर्षं त्यांनी एकाच मोपेडला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लावून गावोगाव दूध घातलं, आणि बावीस वर्षांत त्या मोपेडचं इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही. 'गाडी वापरावी तर कुंडलिकनं' असं वेल्ह्याच्या बाजूला अजून म्हणतात, आणि तात्यांनाही ते ऐकायला आवडतं. दोन वर्षांपूर्वी मोपेड अखेर भंगारात गेली आणि तात्यांनी सुनेसाठी नवी स्कूटर घेतली. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगते. पोराला नाही, सुनेला घेतली. "शिकल्याली पोरगी हाय, तिला गाडी पायजे," असं तेव्हा माझ्यासमोर म्हणाले होते, आणि मला ते फार बरं वाटलं होतं.

प्रेरणा रक्त तपासणीचा कोर्स करून नसरापूरच्या एका लॅबमध्ये कामाला लागली होती. काम असं की पहाटे निघायचं, रस्त्यातल्या गावांमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि आठच्या आत लॅबला पोचवायचं. जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर. आठच्या आत पोचायचं म्हणजे चढाला मूठ पिळावीच लागणार. ती पिळत होती. तिने कधी लपवलंही नाही.

शनिवारी सकाळी मार्गासनीच्या पुढच्या चढावर इंजिनाने एकदम कच्च आवाज केला आणि मागचं चाक अडकलं. पोरगी पडता पडता वाचली. गाडी तिथेच कडेला लावून तिने एका दुधाच्या गाडीला हात केला, डबा मांडीवर धरून नसरापूर गाठलं आणि नमुने वेळेत दिले. आता या पोरीचं कौतुक व्हायला हवं होतं की नाही? कौतुक राहिलं बाजूला. रविवारी सकाळी गावच्या दूध डेअरीवर, जिथे सगळी पाली कॅन घेऊन उभी असते, तिथे तात्यांनी जाहीर केलं की सुनेनं फुल पिळून पिळून इंजिन खाल्लं. आणि स्कूटरची चावी सदऱ्याच्या खिशात घातली.

"दुरुस्त करून घेतो," तात्या आमच्या बाकावर बसत म्हणाले. "पण हितनं पुढं हनुमंता चालवंल. ही यष्टीनं जाईल."

"यष्टी साडेनवाला पोचते, तात्या," प्रेरणा म्हणाली. "लॅबवाल्या सरांनी सांगितलंय, उद्यापासून गाडी न्हाई तर ते दुसरी मुलगी बघणार."

"मग बघू द्या. इंजिनं काय झाडाला लागत्यात?"

हनुमंत मोबाईलमध्ये तोंड घालून म्हणाला, "मी तिला शंभरदा सांगितलं. धूर यायला लागला तवाच सांगितलं, कमी पीळ."

"धूर यायला लागला हे मीच तुमाला दाखवलं होतं," प्रेरणा म्हणाली. "गॅरेजला न्या म्हणाले होते. दोन महिने झाले त्याला."

"तू पिळत हुतीस म्हणूनच धूर येत हुता न्हवं?"

बघा न्याय! धूर दाखवला तीही गुन्हेगार, आणि धूर आला तोही तिचाच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोर कोण ते बघायचीही कुणाला गरज वाटत नव्हती. मी काउंटरवरून काहीतरी बोलणार तेवढ्यात अन्वरने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लग्नापासून पाठ आहे. 'जुनं गिऱ्हाईक आहे, गप.' मी गप बसले. पाच मिनिटं.

अन्वरने स्कूटर स्टँडवर घेतली, खाली पसरट डबा सरकवला आणि इंजिनाच्या तळाचा बोल्ट सोडला. याच बोल्टमधून जुनं तेल खाली येतं. निरोगी गाडीतून पाऊण लिटर तरी यायला हवं. सगळे वाकून बघत होते, मीही काउंटरवरून. काहीच आलं नाही. अन्वरने गाडी जरा तिरकी केली, तेव्हा चमचाभर काळं, चिकट काहीतरी ओघळलं आणि बोल्टच्या तोंडाशीच थांबलं.

अन्वरने ते बोटावर घेऊन चोळून बघितलं. मग त्याने विचारलं, "तात्या, हिचं तेल कधी बदललं होतं?"

"बदलायचं कशाला? म्या दर खेपंला ताजं घालतो की."

"दर खेपंला म्हंजी?"

"पेट्रोल भरताना." तात्यांचा चेहरा खुलला. आपल्या आवडीचा विषय निघाला की माणूस जसा सरसावून बसतो तसे ते बसले. "ऐतवारी म्या सोता गाडी धुतो. कॅनमधनं पेट्रोल वततो. आन लिटरला एक टोपण तेल, मोजून. मोपेडला घालत हुतो तसंच. ह्या पोरास्नी काय कळतंय? दुसऱ्या कुणाला म्या टाकीला हात लावू देत न्हाई. बावीस वर्सं उगं न्हाई चालली ती गाडी."

आणि त्यांनी पिशवीतून पाउच काढून अन्वरच्या हातात दिला. "ह्ये बघ. चांगल्यातलं घेतो. हितनंच, नसरीनकडनं."

मी तो पाउच लगेच ओळखला.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. तात्यांची जुनी मोपेड टू-स्ट्रोक होती. तिला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागायचं, तेच तिच्या इंजिनाला वंगण. आत्ताची स्कूटर तशी नाही. तिचं तेल वेगळं, इंजिनाच्या पोटात वेगळ्या तोंडातून भरायचं, आणि ठरावीक किलोमीटरला काढून नवीन घालायचं. पेट्रोलमध्ये ओतलेलं तेल तिच्या काही उपयोगाचं नाही, ते नुसतं जळतं आणि धूर होऊन मागून निघून जातं. शोरूमने सुरुवातीला एकदा फुकट सर्व्हिसिंग करून दिलं, तेव्हा घातलेलं तेल दीड वर्ष आटत आटत संपलं होतं. वरून दर रविवारी टोपण मोजून प्रेमाने तेल घातलं जात होतं आणि खाली इंजिन कोरडं पडत होतं.

आणि ते पाउच मी विकत होते. महिन्याला तीन-चार. मला वाटायचं गवत कापायच्या मशिनला नेतात, किंवा फवारणीच्या पंपाला. त्यांनाही तेच तेल लागतं, सगळी शेतकरी मंडळी नेतात. पण तात्यांची मोपेड भंगारात गेली हे मला ठाऊक होतं. 'तात्या, आता हे कशाला?' एवढे चार शब्द विचारायला माझ्या जिभेला काय झालं होतं? एरवी तर ती कुणाला ऐकत नाही.

अन्वरने तात्यांना शेडच्या मागे नेलं. दोघं नळापाशी उभे राहून बोलले. तात्यांचा आवाज आधी चढला, मग अगदी खाली गेला. परत आले तेव्हा तात्यांचा चेहरा उतरलेला होता, पण मान ताठ. अन्वर हात पुसत पुसत, कुणाच्याच डोळ्यांत न बघता म्हणाला, "त्याचं असं असतंय बगा. तेल जरा कमी पडलं हुतं. पण फुल पिळलं की तेल जळतंयच. दोनी गोष्टी असत्यात."

"बघ!" हनुमंत प्रेरणाला म्हणाला. "म्हणलं न्हवतं?"

तिने अन्वरकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला चाललं असतं. पण तिला ते अपेक्षितच होतं, असं ते पाहणं होतं. एवढीशी पोरगी, आणि तिला आत्तापासून ठाऊक की अशा वेळी सगळे एका बाजूला होतात.

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले.

"दोनी गोष्टी न्हाईत," मी म्हणाले. "एकच गोष्ट हाय. अहो, सांगा की खरं! त्या बोल्टातनं काय पडलं ते सगळ्यांनी बघितलंय. तेल कमी न्हवतं पडलं, तेल न्हवतंच. कोरडं इंजिन पाव मुठीवर चालवलं तरी जाम हुतंय, आन भरल्यालं फुल पिळलं तरी चालतंय. हिनं काय केलं? हिनं धूर दाखवला. एकानंबी बघितला न्हाई."

"नसरीन," अन्वर म्हणाला.

"नसरीन काय? मला गप करू नगा. तेल चुकीच्या तोंडात घातलं तात्यांनी, ते विकलं म्या, धूर बघून गप बसला ह्यो हनुमंत, आन चावी कुणाची गेली? हिची! लाज वाटली पायजे आपल्या समद्यांस्नी. मला वाटतीया. म्या एकदा इचारलं असतं, तात्या ह्ये पाउच कशाला, तर ह्यो दिवस आला नसता. माझी चूक म्या हितं उभी राहून सांगती. तुमी तुमची सांगा."

सर्व्हिस रोडवरचे दोन-चार लोक थांबून ऐकत होते. ऐकू देत. डेअरीवर सांगताना तात्यांनी तरी कुठे दार लावून घेतलं होतं?

तात्या बाकावर टेकले. मग म्हणाले, "तेलाचं ठीक हाय. म्या अडाणी माणूस, चुकलो आसन. पण गाडी पिळायची न्हाई ह्ये माझं म्हणणं तसंच हाय. पाव मुठीच्या वर जायचंच न्हाई. म्या बावीस वर्सं पाव मुठीत काढली. चावी काय म्या देत न्हाई."

पडलो तरी नाक वर ते हेच. अन्वर डोक्याला हात लावून बसला. आणि मला एवढा राग आला, एवढा राग आला की माझं डोकं उलट एकदम शांत झालं.

आमची स्वतःची एक स्कूटर आहे, पार्ट आणायला ठेवलेली. तसलीच, तेवढ्याच ताकदीची. मी आत जाऊन तिची चावी आणली, गाडी सुरू केली आणि तात्यांच्या समोर आणून उभी केली.

"बसा मागं," मी म्हणाले.

"कुठं?"

"वाडीच्या चढाला. तुमच्या पाव मुठीत जाऊन येऊ. पाव मुठीत गाडी चढली तर म्या सोता हनुमंताला चावी देती आन हिच्या लॅबवाल्यालाबी फोन करून सांगती, दुसरी पोरगी बघ म्हणून."

प्रेरणाने दचकून माझ्याकडे पाहिलं. मलाही बोलून झाल्यावर जरा धाकधूक वाटली, दुसऱ्याच्या पोरीची नोकरी मी पैजेवर लावली होती. पण तोवर तात्या धोतराचा सोगा आवरून मागे बसले होते. पैजेला नाही म्हणणारा माणूस नव्हता तो.

आमच्या गावातून डोंगराच्या बाजूला वाडीला जाणारा रस्ता आहे. अरुंद आणि दगडी, आणि शेवटचा चढ असा उभा की उतरताना बायका डोक्यावरची पाटी हातात घेतात. सपाटीला आम्ही मजेत गेलो. "बघ, पाव मुठीत कशी पळतीया," तात्या मागून म्हणाले. चढ लागला. मी मूठ पावच ठेवली, केसभरही वर नेली नाही. तात्या चांगले अंगापिंडाने भरलेले गृहस्थ, मीही काही काडी नाही. गाडीचा वेग उतरला. मग आणखी उतरला. शेजारून एक म्हातारी शेळी घेऊन चालली होती, ती आमच्या बरोबरीने आली, मग शेळीसकट पुढे गेली.

"जरा वाढीव," तात्या म्हणाले.

"पाव मूठ, तात्या. तुमीच म्हणालात."

मागून विटांनी भरलेला टेम्पो आला. त्यालाही चढावर थांबता येईना, थांबला तर परत निघणार नाही, त्यामुळे तो भोंगा दाबून आमच्या पाठीवर यायला लागला. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ओरडत होता. गाडी आता चालत नव्हती, नुसती घुरघुरत होती, हँडल डगडग हलायला लागलं. कडेला खाली ओढा. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण मी मूठ हलवली नाही.

"अगं वाढीव की!"

"इंजिन जाईल, तात्या."

"मागं टेम्पो आलाय!"

"आमी बायका फुल पिळतो म्हणून इंजिनं जात्यात. म्या न्हाई पिळायची."

मग तात्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पीळ गं माझे आई! फुल पीळ! मारतीस का काय म्हाताऱ्याला?"

मी मूठ पूर्ण फिरवली. गाडीने एक हिसका दिला आणि दम लावून चढ चढून गेली. वर देवळापाशी सपाटी होती, तिथे मी थांबले. टेम्पोवाला आम्हा दोघांचा उद्धार करत पुढे निघून गेला. तात्या उतरले आणि पारावर बसले. मला वाटलं आता माझ्यावर बरसणार. बरसले असते तर मीही तयार होते.

पण त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. खाली रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन कॅन भरल्यालं असायचं. चाळीस-चाळीस लिटर. सकाळी दूध नासायच्या आत पोचवायचं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? फुलच पिळायचो. पाव मुठीत काय चढतीया?" त्यांनी धोतराचा सोगा पुन्हा खोचला. "म्हातारपणी माणसाला वाटतं, आपुन लई जपून वागलो."

माझा राग तिथे उतरला, पूर्ण नाही, पण बराचसा. मी त्यांना पाणी आणून दिलं.

गॅरेजला पोचल्यावर तात्यांनी खिशातून चावी काढली. हनुमंताने हात पुढे केला. सवयच ती, दुसरं काय! तात्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. चावी प्रेरणासमोर धरली आणि म्हणाले, "घे. तुझी हाय."

मला वाटलं संपलं. मी काउंटरकडे वळलेसुद्धा. पण प्रेरणाने चावी घेतली नाही.

"चावी नगं, तात्या," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण थरथर नव्हती. "तुमी डेअरीवर सगळ्या गावासमोर सांगितलं की इंजिन म्या घालवलं. रक्त घ्यायला जाते त्या घरांतनं आता मला तेच ऐकावं लागतंय. काल एका आजीचा फोन आला, म्हणाली, गाडीची ही गत करतीस, मग सुई तरी नीट धरशील का? आधी जिथं सांगितलं तिथं जाऊन खरं सांगा. मग चावी द्या."

हनुमंत म्हणाला, "आता चावी देत्यात तर नाटकं करतीस व्हय?"

"तू गप," तात्या म्हणाले. पण ते तिला हो म्हणाले नाहीत. चावी परत खिशात गेली. टेम्पोत बसताना मात्र ते हनुमंताला म्हणाले, "तू मागं उभा ऱ्हा." प्रेरणाला पुढे बसवलं. मी मनात म्हटलं, सुरुवात बरी आहे, पण सत्तर वर्षांचा माणूस डेअरीवर, जिथे त्याची मोपेड गाजली, तिथे स्वतःच्या तोंडाने आपली फजिती सांगेल? कठीण आहे. टेम्पो निघायच्या आधीच आमची स्कूटर मी तिला चार दिवसांसाठी देऊन मागे हौद्यात चढवली होती. अन्वरला विचारलं नाही. त्यानेही काही विचारलं नाही, उलट तिच्या डोळ्यांदेखत तेल मोजायची काडी काढून दाखवली, तेल कुठवर असायला हवं ते समजावलं आणि म्हणाला, "मघा म्या चुकीचं बोललो. एवढं मनात ठिवू नगंस." संध्याकाळी मी त्याला चहा करून दिला, दोन चमचे साखर घालून.

नवं पिस्टन-सिलेंडर बसून शुक्रवारी त्यांची गाडी तयार झाली, अन्वरने ती तारा जोडून सुरू करून पाहिली. हनुमंत एकटा येऊन, गुमान टेम्पोत घालून घेऊन गेला. चावी तात्यांकडेच होती.

शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला माझा मोबाईल वाजला. प्रेरणाचा फोन होता. "भाभी, ऐका," एवढंच ती कुजबुजली आणि मग कॅनचा खणखणाट, माणसांची गलबल आणि त्यातून तात्यांचा आवाज आला.

"...तर ऐतवारी म्या ह्या जागेवर सांगितलं ते खोटं हुतं. इंजिन सुनेनं न्हाई, म्या घालवलं. तेल चुकीच्या तोंडात वतलं, दीड वरीस. तिनं धूर दाखवला, आमी बघितला न्हाई. झालं. ज्यास्नी हसायचंय त्यानी हसून घ्या."

हसले. बरेच जण हसले. मी दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवून ऐकत राहिले. मग कुणीतरी, आवाजावरून माझ्याच वयाचा असावा, म्हणाला, "ते समदं खरं, तात्या. पण कायबी म्हणा, बाईमाणसानं गाडी जरा बेतानंच चालवावी. फुल पिळू नये."

"गप ए!" तात्या असे कडाडले की मी फोन कानापासून लांब धरला. "चढाला पिळायलाच लागती! म्या बसून आलोय मागं!"

मग "ही घे चावी" एवढं ऐकू आलं, पुढे कोण काय म्हणालं ते मला कळलं नाही. प्रेरणाने फोन ठेवला होता, तिला आठच्या आत नसरापूरला पोचायचं होतं.